दोरे आणि देह : प्रागची दडपशाही, एक बाहुली आणि काही नट

एम.ए.च्या वर्गात अन्योक्ती शिकवायची म्हणजे उदाहरणे ठरलेली असतात. भ्रमर, चातक, बगळा, चंदनाचे झाड. बोलायचे एकाला आणि लागायचे दुसऱ्याला, हे एकदा सांगून झाले की पुढचे काम विद्यार्थी आपसूक करतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही हे नेहमीचे पक्षी बाजूला ठेवले आणि वर्गात अठरा मिनिटांचा एक चेक बाहुलीपट दाखवला. यिर्झी त्रन्का यांचा १९६५ सालचा ‘रुका’. चेक भाषेत रुका म्हणजे हात. भाषांतराचा प्रश्न नव्हता, कारण या चित्रपटात कोणी बोलतच नाही. दिवे लागल्यावर बहुतेकांचे चेहरे समाधानी होते. रूपक उलगडल्याचे जे एक सोपे समाधान असते, ते. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी मात्र म्हणाली, “सर, बाहुली मेली याचं वाईट वाटलं. पण ज्यांना खरोखर मारलं ती माणसं यात कुठे आहेत?”

प्रश्न सोपा नव्हता. उत्तर म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही कोस्ता-गाव्रास यांचा ‘लाव्हू’ दाखवला. हा १९७० सालचा फ्रेंच चित्रपट त्याच देशाविषयी, त्याच राजवटीविषयी आहे आणि त्याच्या नावाचा अर्थ ‘कबुली’ असा आहे. त्यात माणसे आहेत, कोठडी आहे, भूक आहे. वर्गाचे दोन तट पडले. तट आमच्यातही पडले. हा लेख लिहिणाऱ्या आम्हां दोघांपैकी एकाला अजूनही वाटते की छळाविषयी बोलताना माणसाच्या देहाला पर्याय नाही. दुसऱ्याला वाटते की पडद्यावरचा नटाचा देह हाच प्रेक्षकाला सर्वात सहज फसवतो. वाद मिटला नाही. तो मिटवण्यासाठी नाही, तर नीट मांडता यावा म्हणून आम्ही त्या काळाचा इतिहास पुन्हा वाचला आणि मग ध्यानात आले की हा वाद आपल्या स्टाफरूममध्ये सुरू झालेला नाही. प्रागमध्ये १९५२ साली एका न्यायालयानेच तो सुरू करून दिला होता.

२० नोव्हेंबर १९५२ रोजी प्रागच्या पान्क्राट्स तुरुंगालगतच्या न्यायालयात चौदा जणांवर खटला उभा राहिला. मुख्य आरोपी रुडॉल्फ स्लान्स्की. वर्षभरापूर्वीपर्यंत हा मनुष्य चेकोस्लोव्हाक कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस होता. चौदांपैकी अकरा जण जन्माने ज्यू होते आणि आरोपपत्रात त्याचा उल्लेख आवर्जून होता. हेरगिरी, देशद्रोह, झायोनिस्ट कट. सगळ्यांनी सगळे कबूल केले. आठवडाभरात निकाल लागला. अकरा जणांना फाशी, तिघांना जन्मठेप. ३ डिसेंबरच्या पहाटे अकरा फाशी उरकण्यात आल्या आणि त्यांची रक्षा प्रागबाहेरच्या बर्फाळ रस्त्यावर फेकून देण्यात आली.

हा खटला म्हणजे एक पाठ केलेले नाटक होते, हे आज कोणी नाकारत नाही. सोव्हिएत सल्लागारांच्या देखरेखीखाली प्रश्न आणि उत्तरे आधी लिहिली गेली, आरोपींकडून महिनोन्‌महिने घोकून घेतली गेली आणि मगच पडदा उघडला. प्रयोगाच्या आधी आरोपींना बरे अन्न देण्यात आले, चेहऱ्यावर तुकतुकी यावी म्हणून दिव्याखाली बसवण्यात आले. रंगभूषाच ती. कामकाज रेडिओवरून ऐकवले गेले आणि कॅमेऱ्यानेही टिपले गेले. म्हणजे खरी माणसे, खरा आवाज, खरे न्यायालय आणि खरी फाशी असूनही त्यातले एकही वाक्य खरे नव्हते. दडपशाहीविषयीच्या चित्रपटांचा विचार करताना इथून सुरुवात करावी लागते. पहिला ‘सजीव’ चित्रपट स्वतः राजसत्तेने काढला होता.

आर्तुर लोंदोन हा जन्मठेप झालेल्या तिघांपैकी एक. स्पेनच्या यादवी युद्धात आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये लढलेला, फ्रान्समधल्या प्रतिकारचळवळीत काम केलेला, नाझींच्या माउटहाउसेन छळछावणीतून जिवंत परतलेला आणि १९५१च्या जानेवारीत अटक झाली तेव्हा देशाचा परराष्ट्र उपमंत्री असलेला. त्याची पत्नी लिझ हिने नवऱ्याची कबुली रेडिओवर ऐकली. आवाज त्याचाच होता. तिने त्यावर विश्वास ठेवला आणि राष्ट्राध्यक्ष गोट्वाल्ड यांना पत्र लिहून आपल्या नवऱ्याशी असलेले नाते जाहीरपणे नाकारले. पुढे सत्य कळल्यावर ती त्याच्यासाठी झगडली, ही गोष्ट वेगळी. त्या नोव्हेंबरात मात्र जिवलग माणसाचा ओळखीचा आवाज हाच खोट्याचा सर्वात भक्कम पुरावा ठरला. आमच्यापैकी बाहुलीचा पक्ष घेणारा दरवेळी याच प्रसंगापाशी येऊन थांबतो.

सुटकेनंतर काही वर्षांनी लोंदोन फ्रान्सला गेला. १९६८ साली त्याचे आत्मकथन फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले आणि दोन वर्षांत त्यावर चित्रपट आला. पटकथा होर्हे सेम्प्रून यांची. ते स्वतः बुखेनवाल्ड छळछावणीतून परतलेले आणि स्पॅनिश कम्युनिस्ट पक्षातून काढून टाकलेले. लोंदोनची भूमिका इव्ह मोंताँ यांनी केली, लिझची सिमोन सिन्योरे यांनी. दोघे पडद्याबाहेरही पतिपत्नी आणि एके काळी सोव्हिएत गटाचे पाठीराखे. १९५६ साली हंगेरीत रणगाडे शिरल्यावर काही आठवड्यांतच हे जोडपे मॉस्कोच्या दौऱ्यावर गेले होते. त्यामुळे ‘कबुली’मध्ये मोंताँ जे सोसतात त्याला प्रायश्चित्ताची छटा आहे, असे आम्हां दोघांनाही वाटते. भूमिकेसाठी त्यांनी अंगावरचे मांस अक्षरशः झडवून घेतले.

या चित्रपटात मारहाण फारशी नाही, ही गोष्ट प्रथम पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आहे ते चालणे. कोठडीत बसायचे नाही, टेकायचे नाही, चालत राहायचे. डोळा लागला की दार वाजते, उठून नाव-क्रमांक सांगायचा. पुन्हा चालायचे. चौकशी करणारे पाळ्या बदलतात, आरोपी बदलत नाही. वाक्य तेच, त्यात एखादा शब्द हलवून पुन्हा लिहिलेले, पुन्हा सहीसाठी पुढे केलेले. दोन तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटाचा मोठा भाग असाच जातो आणि कंटाळा येतो. तो यावा अशीच योजना आहे. ज्या माणसाला गेस्टापो फोडू शकले नाहीत तो आपल्याच पक्षापुढे कसा मोडला, याचे उत्तर कोणत्याही संवादात नाही. ते त्या पुनरावृत्तीत आहे, सुजलेल्या पायांत आहे, मोंताँच्या डोळ्यांखाली हळूहळू गडद होत जाणाऱ्या वर्तुळांत आहे. हे कोणत्या बाहुलीला जमेल? बाहुली दमत नाही. तिची झोप कोणी काढून घेऊ शकत नाही. नटाचा देह पडद्यावर काळ साठवू शकतो, हे मान्य करावेच लागते.

आणखी एक दृश्य. भर न्यायालयात एका आरोपीची पँट खाली घसरते. तुरुंगात तो इतका वाळला आहे की कपडे अंगावर ठरत नाहीत. क्षणभर शांतता आणि मग सगळे हसू लागतात, आरोपीसुद्धा. ही घटना खटल्यात खरोखर घडली होती. ओटो श्लिंग असे त्या आरोपीचे नाव. पुढे त्यालाही फाशी झाली. पाठ केलेल्या संहितेत न बसलेली ही एकच गोष्ट, आणि ती देहाने केली.

तरीही आमचा आक्षेप आहे तो असा. ‘कबुली’चा प्रेक्षक सतत मोंताँच्या बाजूला असतो. नायकाचा चेहरा आपल्या परिचयाचा, देखणा, विश्वास ठेवावा असा. चौकशी करणाऱ्यांचे चेहरे आपण आधीच ओळखून ठेवलेले. दिग्दर्शकाला याची जाणीव होती असे दिसते. मध्येच कथा पुढे झेप घेते आणि काही वर्षांनंतरचा लोंदोन मित्रांना ही हकीगत सांगताना दिसतो. तो वाचणार हे आपल्याला आधीच कळते, उत्कंठा मरते आणि उरतो तो फक्त प्रश्न : हे घडले कसे? ही युक्ती प्रामाणिक आहे. पण तिनेही चेहऱ्याची जादू पुसली जात नाही. चित्रपटगृहातून बाहेर पडणारा फ्रेंच प्रेक्षक मोंताँसाठी हळहळत बाहेर पडला असणार. स्लान्स्कीसाठी किती जण हळहळले असतील? स्लान्स्कीने पदावर असताना इतरांच्या अटकेची आणि छळाची व्यवस्था उभी केली होती. त्याच्यावर असा चित्रपट कोणी काढणे कठीणच.

आता त्रन्काकडे. हा मनुष्य पिल्सेनचा. १९१२चा जन्म. शाळकरी वयातच तो योसेफ स्कुपा या थोर बाहुलीकाराच्या हाताखाली आला. चेक लोकांच्या जीवनात बाहुलीच्या खेळाला जे स्थान आहे ते आपल्याकडच्या करमणुकीच्या कल्पनेने मोजता येत नाही. हॅब्सबर्ग अमदानीत दरबारी भाषा जर्मन असताना गावोगाव फिरणाऱ्या बाहुलीवाल्यांनी खेड्यापाड्यांत चेक बोली रंगमंचावर जिवंत ठेवली, असे तेथील संस्कृतीचे अभ्यासक अभिमानाने सांगतात. युद्ध संपल्यावर १९४५ साली चित्रपटव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्रन्काला सरकारी पैशाने अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ मिळाला. आधी चितारलेली हलती चित्रे, मग लगेच बाहुल्या. ‘श्पालीचेक’, अँडरसनच्या कथेवरचा ‘सम्राटाचा बुलबुल’, ‘श्वेइक’, शेक्सपिअरचे ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’. १९६३ साली ‘राष्ट्रीय कलावंत’ ही पदवी. म्हणजे ‘रुका’ काढणारा कलावंत सत्तेने छळलेला नव्हता, सांभाळलेला होता. हे लक्षात ठेवले नाही तर चित्रपटाची अर्धी धार जाते.

कथा थोडक्यात सांगतो. एक विदूषकवजा बाहुला आपल्या खोलीत कुंड्या घडवतो. गुलाबाच्या एका रोपट्यासाठी. हातमोजा घातलेला एक प्रचंड हात आत शिरतो आणि चाकावरच्या मातीला मुठीचा आकार देतो. कुंड्या पुरे, माझा पुतळा घडव. बाहुला नकार देतो. हात पुन्हा येतो. भेटी येतात, फोन वाजतो, दूरचित्रवाणी संच येतो. त्यावर इतिहासातले हात दिसतात. न्यायदेवतेचा तराजू धरलेला, मशाल उंचावलेला, कोटाच्या फटीत खुपसलेला नेपोलियनचा. मग झिरझिरीत जाळीचा मोजा घालून तोच हात लाडीगोडी करतो. शेवटी बाहुल्याला दोरे बांधले जातात, सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवले जाते आणि तो हाताचा भव्य पुतळा कोरतो. डोक्यावर पर्णमुकुट, छातीवर पदके. मेणबत्तीवर दोरे जाळून तो पळतो, घरी येतो, भीतीने दारे-खिडक्या बंद करून घेतो. कपाटावर ठेवलेली त्याचीच कुंडी डोक्यात पडते आणि तो मरतो. हात त्याचा शासकीय इतमामाने अंत्यविधी करतो. कपाटाचीच शवपेटी होते.

मराठीत ‘वरदहस्त’ आणि ‘हस्तक’ हे दोन्ही शब्द एकाच अवयवापासून आले आहेत. त्रन्काचे पात्र पाहताना दोन्ही अर्थ एका मोज्यात दिसतात. ज्ञानेश्वरीतही सूत्राने हलणाऱ्या बाहुलीचा दृष्टान्त येतो. तेथे सूत्र धरणारा ईश्वर आहे आणि त्याच्या हाती असणे हेच बाहुलीचे भाग्य. त्याच प्रतिमेतून ईश्वर काढून तेथे शासन बसवले की काय होते, हे पाहायचे तर ‘रुका’ पाहावा. आमच्या एका वारकरी घरातल्या विद्यार्थ्याने हे वर्गात सांगितले, आम्हांला ते सुचले नव्हते.

त्रन्काच्या बाहुल्यांचे चेहरे बदलत नाहीत. इतर स्टुडिओ भाव बदलण्यासाठी निरनिराळी डोकी किंवा ओठ वापरत. त्रन्काने डोळ्यांचे रंगकाम असे केले की प्रकाश आणि कोन बदलला की भाव बदलल्याचा भास व्हावा. ‘रुका’मधल्या बाहुल्याचा चेहरा फूल पाहताना जो असतो तोच शवपेटीत असतो. त्याच्यासाठी रडायचे की नाही हे प्रेक्षकाने ठरवायचे. मोंताँच्या चेहऱ्याविषयी आम्ही जो आक्षेप घेतला त्याला हे परस्पर उत्तर आहे.

पण याहून मोठी गोष्ट आमच्या लक्षात तिसऱ्यांदा चित्रपट पाहताना आली. अ‍ॅनिमेशन आणि सजीव अभिनय हा वाद ‘रुका’च्या चौकटीतच घातलेला आहे. बाहुला लाकूड-कापडाचा आहे. हात मात्र माणसाचा. सत्ता तेवढी सजीव, बाकी सगळे तिने हलवलेले. आणि बाहुलीपट कसा तयार होतो हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट दिसते. प्रत्येक चौकटीआधी कोणीतरी बाहुल्याला किंचित हलवलेले असते. तो नकाराची मान हलवतो तेव्हाही ती मान कोणाच्या तरी हातानेच वळवलेली असते. सरकारी स्टुडिओत, सरकारी पगारावर. त्रन्काने हे लपवले नाही. पर्णमुकुट घालून पिंजऱ्यात पुतळा कोरणाऱ्या बाहुल्यात ‘राष्ट्रीय कलावंत’ स्वतःला पाहत होता, असे म्हणायला आम्हांला संकोच वाटत नाही.

त्या वर्षीच्या प्रागच्या प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहिली नसणार. व्ल्तावा नदीकाठच्या लेत्ना टेकडीवर १९५५च्या १ मे रोजी स्टालिनचा साडेपंधरा मीटर उंचीचा दगडी पुतळा उभा राहिला होता. शिल्पकार ओताकार श्वेत्स याने अनावरणापूर्वीच आत्महत्या केली. १९६२ साली सुरुंग लावून पुतळा उडवण्यात आला. तीन वर्षांनी ‘रुका’ आला. त्रन्काच्या मनात श्वेत्स होता असे आम्ही म्हणत नाही. रूपकाला असे एकच नाव चिकटवले की ते मरते. पण ज्या शहरात टेकडीवर तो रिकामा चौथरा रोज दिसत होता, तेथे हे रूपक हवेतले नव्हते.

मग राजवटीने ते चालू कसे दिले? काळ थोडा सैल होता. १९६३ साली लिब्लित्से येथे काफ्कावर परिषद भरली होती, नव्या दिग्दर्शकांचे चित्रपट परदेशांत गाजत होते. शिवाय अन्योक्तीचा जुना फायदा होताच. पडद्यावर नेपोलियनही आहे आणि मशालही आहे, तेव्हा हा हात कोणाचाही असू शकतो. ‘हा आमचाच’ असे म्हणायला अधिकाऱ्याला आधी स्वतःची ओळख पटवावी लागली असती. अन्योक्तीवर बंदी घालणे म्हणजे ती आपल्याला लागली अशी कबुली देणे.

ही कबुली पाच वर्षांनी आली. ऑगस्ट १९६८मध्ये वॉर्सा करारातील देशांच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या. त्रन्का ३० डिसेंबर १९६९ रोजी वारला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत ‘रुका’च्या प्रती जमा करून कुलपात टाकण्यात आल्या आणि दोन दशके तेथेच राहिल्या. १९७०च्या त्याच वसंतात पॅरिसमध्ये ‘कबुली’ प्रदर्शित झाला. बाहुली बंद झाली आणि नट बोलू लागला, पण सीमेपलीकडे. लोंदोनचे चेकोस्लोव्हाक नागरिकत्व काढून घेतले गेले. चित्रीकरणाच्या वेळी स्थिरचित्रे काढणाऱ्या ख्रिस मार्कर यांनी या प्रकरणावर एक लहानसा माहितीपट केला. त्याच्या नावातच लोंदोनचा ‘दुसरा खटला’ असे शब्द आहेत.

आणि त्याच वसंतात प्रागमध्ये तिसरी गोष्ट घडली. ती आम्हां दोघांच्याही मताला छेद देते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर. कारेल काखिन्या यांनी ‘उखो’ नावाचा चित्रपट नुकताच पुरा केला होता. उखो म्हणजे कान. पटकथा यान प्रोखाझ्का यांच्या कथेवरून. पन्नाशीच्या दशकातली एक रात्र. एक उपमंत्री आणि त्याची बायको सरकारी मेजवानीहून घरी परततात. किल्ल्या सापडत नाहीत, वीज नाही, फोन बंद, बाहेर एक मोटार उभी. त्याच्या मंत्र्याला अटक झाल्याचे मेजवानीतच त्याच्या कानावर आले आहे. मेणबत्तीच्या उजेडात तो कागद जाळत बसतो आणि दारू प्यालेली बायको दहा वर्षांच्या संसाराचा हिशेब मांडत राहते. घरभर ऐकणारी यंत्रे सापडतात, पिस्तूल मात्र सापडत नाही, मरण्याची सोयही काढून घेतलेली. पहाटे फोन वाजतो. त्याला मंत्री केले आहे. बढतीच्या बातमीने चित्रपट संपतो आणि बायकोच्या चेहऱ्यावर भीती उरते.

येथे देहाचा छळ नाही, तुरुंग नाही, निष्पाप नायकही नाही. नवरा भित्रा आणि भागीदार. यिर्झिना बोह्दालोव्हा आणि राडोस्लाव्ह ब्रझोबोहाती हे दोन नट नवरा-बायकोच्या भांडणातून जी भीती उभी करतात ती बाहुलीला शक्य नव्हती, आणि ‘कबुली’तल्या थोर साक्षीदारालाही नाही. दडपशाही स्वयंपाकघरात कशी राहते, ते येथे दिसते. चित्रपट प्रदर्शितच झाला नाही. तो १९९० साली कान महोत्सवात लोकांसमोर आला. प्रोखाझ्का यांनी ते पाहिले नाही. एप्रिल १९७०मध्ये, म्हणजे त्याच वसंतात, त्यांची प्राध्यापक वात्स्लाव्ह चेर्नी यांच्याशी झालेली खासगी संभाषणे दूरचित्रवाणीवरून देशाला ऐकवण्यात आली. गुप्त पोलिसांनी ती चोरून ध्वनिमुद्रित केली होती. कानावर चित्रपट लिहिणाऱ्याच्याच मागे कान होता. फेब्रुवारी १९७१मध्ये प्रोखाझ्का कर्करोगाने वारले. वय ४२.

आमच्यापैकी देहाच्या बाजूने बोलणारा म्हणतो, पाहा, ‘रुका’ पाच वर्षे चालली आणि ‘उखो’ एक दिवसही नाही. सत्तेला कशाची भीती अधिक वाटते ते यातून कळते. दुसरा म्हणतो, हा तारखांचा खेळ आहे. ‘उखो’ १९६५ साली पुरा झाला असता तर कदाचित लागला असता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघेही आपापल्या सोयीची तारीख धरून बसले आहेत.

बाहुलीच्या पक्षाला एक अडचण उरतेच. रूपक निर्मळ असते असे नाही. ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’वर हालाश आणि बॅचलर यांनी १९५४ साली केलेल्या ब्रिटिश अ‍ॅनिमेशनपटामागे अमेरिकेच्या सीआयएचा पैसा होता, हे आज सर्वज्ञात आहे. कादंबरीच्या शेवटी डुकरे आणि माणसे यांतला फरक ओळखू येईनासा होतो. चित्रपटात तो शेवट गेला आणि प्राण्यांनी डुकरांविरुद्ध दुसरे बंड केले. म्हणजे दोन्ही बाजूंना लागणारा चाबूक एकाच बाजूला लागेल असा वळवला. चितारलेले डुक्कर तक्रार करत नाही. नटाला निदान विचारावे तरी लागते.

पुढच्या काळातली उदाहरणे आम्ही वर्गात ओझरती घेतली. मार्जान सात्रापी यांच्या इराणवरील ‘पर्सेपोलिस’ने (२००७) काळ्या-पांढऱ्या रेषेचा आधार घेतला. नट घेतले असते तर ही दूरच्या परक्या माणसांची गोष्ट झाली असती, ही त्यांची भूमिका पटण्यासारखी आहे. कंबोडियाचे रिती पान मात्र आमच्या वादाच्या थेट मध्ये उभे राहतात. २००३ साली त्यांनी ‘एस-२१’मध्ये ख्मेर रूजच्या तुरुंगातल्या जुन्या पहारेकऱ्यांना त्याच खोल्यांत नेले आणि रोजचे काम करून दाखवायला सांगितले. ते रिकाम्या खोलीत कैद्यांवर ओरडू लागले, कुलपे तपासू लागले. तोंडाने जे सांगता येत नव्हते ते हातापायांना पाठ होते. दहा वर्षांनी आपल्या स्वतःच्या कुटुंबाची गोष्ट सांगताना याच दिग्दर्शकाने मातीच्या बाहुल्या घेतल्या, आणि त्याही न हलणाऱ्या. मारेकऱ्यांसाठी देह आणि मृतांसाठी माती. कारण त्या वर्षांची जी चित्रे उरली ती मारेकऱ्यांनीच काढलेली होती. २०१३च्या त्या चित्रपटाचे नावच ‘हरवलेले चित्र’ असे आहे.

प्रागचे हरवलेले चित्र मात्र सापडले. २०१८च्या वसंतात प्रागच्या उत्तरेला पानेन्स्के ब्रझेझानी येथे एका दिवाळखोर कंपनीच्या आवारात स्लान्स्की खटल्याच्या फिल्मचे आणि ध्वनिमुद्रणाचे डबे मिळाले. १९५२ साली टिपलेल्या या साहित्यातून पूर्ण लांबीचा प्रचारपट काढण्याचा बेत तडीस गेला नव्हता आणि डबे विसरले गेले होते. रुथ झिल्बरमान यांच्या माहितीपटात त्यातले काही भाग पाहायला मिळतात आणि फाशी गेलेल्यांची आता म्हातारी झालेली मुले ते पाहताना दिसतात.

आम्ही ते भाग वर्गात दाखवले. खरा स्लान्स्की मायक्रोफोनपुढे उभा राहून बोलतो. आवाजात चढउतार नाही, चेहरा हलत नाही. तीच विद्यार्थिनी या वेळी पुढच्या बाकावर होती. तिने फिल्म मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितली आणि ती फक्त त्याच्या हातांकडे पाहत राहिली. यंदाच्या वर्गात क्रम बदलायचा, आधी ही खटल्याची फिल्म, मग ‘उखो’, मग ‘कबुली’ आणि शेवटी ‘रुका’, असा प्रस्ताव आमच्यापैकी एकाने मांडला आहे. दुसऱ्याने अजून संमती दिलेली नाही.